विश्लेषण : पावसाळी सहलीचे ठिकाण उघडे की बंद, हे कोण ठरवते?

पहिला जोरदार पाऊस झाला की पुण्या-मुंबईच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच प्रश्न फिरू लागतो : या रविवारी कुठे? उत्तर शोधायला वेळ लागत नाही. रील तयारच असते. धबधबा कुठला, चहाची टपरी कुठली, फोटो कुठून चांगला येतो, हे सगळे त्यात असते. ती जागा त्या रविवारी उघडी आहे का, तिकीट ऑनलाइन काढायचे की फाटकावर, संध्याकाळी किती वाजता बाहेर पडावे लागते, हे मात्र नसते. मग घाटात तीन तास वाहतूक कोंडीत काढल्यावर पुढे पोलिसांचे बॅरिकेड दिसते आणि गाडी परत फिरवावी लागते.

‘गेल्या वर्षी तर सुरू होते, यंदा बंद का?’ या प्रश्नाला राज्यभरासाठी एकच उत्तर नाही. कारण महाराष्ट्रातील जंगले, किल्ले, धरणे, धबधबे आणि किनारे यांचा मालक एक नाही. जागा कोणाच्या ताब्यात आहे, यावर तिचे वेळापत्रक, शुल्क आणि तिथली सुरक्षा ठरते. हे माहीत असेल, तर फेरी वाया जात नाही. कधी कधी जीवही वाचतो.

एकाच सहलीत किती मालक?

मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण घेऊ. बोरिवलीच्या फाटकातून आत गेले की जंगल वन विभागाचे. त्याच जंगलातील कान्हेरी लेणी मात्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या अखत्यारीत, त्यामुळे लेण्यांचे तिकीट वेगळे. आतले तुळशी आणि विहार हे तलाव मुंबई महापालिकेचे. ते शहराला पिण्याचे पाणी पुरवतात, म्हणून तिथे पोहायला किंवा काठावर डबा खायला बसण्याचा प्रश्नच येत नाही. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या उद्यानात तीन यंत्रणा आहेत आणि तिघांचे नियम वेगळे. उद्यान सोमवारी बंद असते. त्या दिवशी लेणी पाहायची म्हणून आलेल्यांनाही मुख्य फाटकावरूनच परतावे लागते.

किल्ल्यांचेही तसेच. ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने १२ किल्ले जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांतील ११ महाराष्ट्रात आहेत, तर जिंजी तमिळनाडूत. या ११ पैकी रायगड, शिवनेरी, लोहगड, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग आणि सुवर्णदुर्ग केंद्रीय पुरातत्त्व विभागाकडे आहेत. राजगड, साल्हेर, प्रतापगड आणि खांदेरी यांचे संरक्षण राज्याच्या पुरातत्त्व विभागाकडे आहे. त्यात भर म्हणजे अनेक किल्ल्यांचा माथा एका खात्याकडे आणि चढणीचा डोंगरउतार वन विभागाकडे असतो. हरिश्चंद्रगड तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याच्या हद्दीतच आहे. त्यामुळे वाट वन विभागाने बंद केली, की माथ्यावर कोणाचे राज्य आहे याला अर्थ उरत नाही.

लोणावळ्याचे भुशी धरण हे आणखी वेगळे प्रकरण. इंद्रायणीवरचे हे छोटे धरण ब्रिटिशकाळात रेल्वेच्या वाफेच्या इंजिनांना पाणी मिळावे म्हणून बांधले गेले. पर्यटन हा त्याचा हेतू कधीच नव्हता. सांडव्याच्या पायऱ्यांवरून पाणी उतरू लागले, लोक त्यात बसू लागले आणि बघता बघता ते राज्यातले सर्वांत गर्दीचे पावसाळी ठिकाण झाले. धरण रेल्वेचे, मागच्या डोंगराचा भाग वन विभागाचा, रस्ता आणि कचरा नगर परिषदेकडे, गर्दी पोलिसांकडे. अशा ठिकाणी जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अपघात झाल्यावरच विचारला जातो.

धबधब्यांवर मनाई का येते?

३० जून २०२४, रविवार. भुशी धरणाच्या मागच्या बाजूच्या धबधब्यात पुण्याहून आलेल्या एकाच कुटुंबातील ५ जण वाहून गेले. त्यांत लहान मुलेही होती. वाढत्या प्रवाहाच्या मधोमध एकमेकांना धरून उभ्या असलेल्या त्या कुटुंबाची चित्रफीत देशभर पाहिली गेली. त्यानंतर पुणे जिल्हा प्रशासनाने पर्यटनस्थळांवर प्रतिबंधात्मक आदेश काढले आणि धरणालगतच्या टपऱ्या हटवण्यात आल्या.

पुढच्याच वर्षी, १५ जून २०२५ रोजी, मावळातील कुंडमळा येथे इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल पर्यटकांच्या भाराने कोसळून ४ जणांचा मृत्यू झाला. तोही रविवार. पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. तरीही पुलावर एकाच वेळी मोठी गर्दी होती, दुचाकीही होत्या.

दोन्ही घटनांनंतर समाजमाध्यमांवर पर्यटकांच्या बेफिकिरीवर भरपूर लिहिले गेले. बेफिकिरी असतेच, पण पाणी कसे वाढते हे बहुतेकांना माहीत नसते, हेही तितकेच खरे. सह्याद्रीचा कातळ बेसाल्टचा. त्यावर मातीचा थर पातळ असल्याने पाणी फारसे मुरत नाही. मावळात आणि लोणावळ्यात जुलैमध्ये दिवसभरात १०० मिलिमीटर पाऊस होणे नवलाचे नाही. एवढा पाऊस एका चौरस किलोमीटर पठारावर पडला, तर तिथे १० कोटी लिटर पाणी जमा होते. त्यातला मोठा भाग उतारावरून एखाद्या अरुंद ओढ्यात येतो. पठार धबधब्यापासून काही किलोमीटर मागे असते. त्यामुळे खाली ऊन पडलेले असतानाही वरच्या पावसाचे पाणी काही मिनिटांत येऊन थडकते.

दुसरा गैरसमज खोलीबद्दलचा. ‘गुडघाभरच तर आहे’ हे वाक्य अशा ठिकाणी हमखास ऐकू येते. वाहत्या पाण्यात खोलीपेक्षा वेग घातक असतो, कारण वेग दुप्पट झाला की पाण्याचा जोर चौपट होतो. ढोबळ गणित मांडायचे तर गुडघाभर पाणी सेकंदाला दीड मीटर वेगाने वाहत असेल, तेव्हा दोन्ही पायांवर साधारण १५ किलो वजनाइतका रेटा बसतो. वेग ३ मीटर झाला की तोच रेटा ६० किलोच्या आसपास जातो. पायाखाली शेवाळलेला कातळ, हातात मोबाइल आणि कडेवर मूल असेल, तर तोल सावरायला काही उरत नाही. पाणी गढूळ होऊ लागले, त्यात पालापाचोळा आणि काटक्या येऊ लागल्या किंवा प्रवाहाचा आवाज बदलला, तर वरून लोंढा येत असल्याची ती खूण असते. स्थानिक गुराखी ही खूण ओळखतात आणि लगेच काठ गाठतात.

मनाईचा आदेश कायद्यात कुठे बसतो?

जिल्हाधिकारी किंवा इतर सक्षम दंडाधिकारी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ नुसार असा आदेश काढतात. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ करत असे. गावगप्पांत अजूनही ‘१४४ लागू’ असेच म्हटले जाते. आदेश मोडल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २२३ खाली गुन्हा नोंदवता येतो. अशा आदेशांत बहुतेक वेळा संपूर्ण ठिकाण बंद केलेले नसते. खोल पाण्यात उतरणे, धबधब्याच्या प्रवाहाखाली बसणे, कड्याच्या टोकावर सेल्फी काढणे, मद्यपान करणे, ठरावीक वेळेनंतर थांबणे यांना मनाई असते. म्हणजे दुरून धबधबा पाहायला हरकत नसते, पण त्याखाली भिजायला असते. बातमीचे शीर्षक ‘धबधबे बंद’ असे असले, तरी आदेशाचा मजकूर वाचलेला बरा.

तरीही दर पावसाळ्यात तेच आदेश तारीख बदलून निघत असतील, तर ते व्यवस्थापनाचे अपयशही आहे. फलक लावणे सोपे असते. प्रवाहाच्या काठावर दोर बांधून, शिट्टी घेऊन माणूस उभा करणे अवघड आणि खर्चीक. शिवाय सरसकट बंदीचा फटका सर्वांत आधी कणीस भाजणाऱ्या, भजी तळणाऱ्या आणि वाहनतळ सांभाळणाऱ्या गावकऱ्यांना बसतो. त्यांची वर्षभराची बरीचशी कमाई या दहा-बारा शनिवार-रविवारांत होते. धोका कुठे आहे हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते आणि बंदीच्या काळात नेमके तेच तिथे नसतात.

व्याघ्र प्रकल्प पावसाळ्यात बंद का असतात?

जंगलांचा हिशेब वेगळा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या कलम २७ नुसार अभयारण्यात परवानगीशिवाय प्रवेश करता येत नाही. कलम २८ मध्ये ज्या कारणांसाठी परवाना देता येतो, त्यांत पर्यटन आणि छायाचित्रण येते. राष्ट्रीय उद्यानात नियम आणखी कडक असतात, तिथे गुरे चारण्यासही परवानगी नसते. थोडक्यात, जंगल सफारीचे तिकीट हा त्या कायद्याखालचा परवाना आहे. नाव आणि ओळखपत्र जुळले नाही तर फाटकावर अडवतात, ते त्यामुळेच.

महाराष्ट्रात सहा व्याघ्र प्रकल्प आहेत : मेळघाट, ताडोबा-अंधारी, पेंच, सह्याद्री, नवेगाव-नागझिरा आणि बोर. यांतले पाच विदर्भात आहेत. ताडोबा हे राज्यातले सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान, १९५५ चे. तिथे गाभा क्षेत्रातील सफारी १ जुलै ते ३० सप्टेंबर बंद असते. कच्च्या वाटांवर चिखल होतो, जिप्सी रुतते आणि वाट सोडून गाडी वळवली की जमीन उकरली जाते. बफर क्षेत्रातल्या काही फाटकांवर मात्र पावसाळ्यातही पर्यटन सुरू असते. गाभ्यापेक्षा इथे वाघ दिसण्याची शक्यता कमी, असा समज आहे, पण ताडोबाच्या बफरला तो तितकासा लागू पडत नाही. गावांच्या कडेने वाघांचा वावर तिथे नित्याचा आहे आणि म्हणूनच मानव-वन्यजीव संघर्षही तिथेच जास्त आहे.

जंगलाचा किती भाग पर्यटकांना खुला असावा, यावर २०१२ मध्ये मोठा वाद झाला होता. सर्वोच्च न्यायालयाने त्या वर्षी जुलैमध्ये गाभा क्षेत्रातील पर्यटनावर अंतरिम बंदी घातली आणि ऑक्टोबरमध्ये ती उठवली. त्यानंतर राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार गाभ्याचा जास्तीत जास्त २० टक्के भाग पर्यटनासाठी वापरता येतो. फाटकागणिक गाड्यांची संख्या ठरलेली असते, ती या मर्यादेतूनच. सुट्टीच्या आठवड्यात बुकिंग मिळत नाही, तेव्हा ‘दोन गाड्या वाढवल्या तर काय बिघडते’ असे वाटते खरे. पण एका पाणवठ्यावर पंधरा जिप्सी उभ्या राहिल्या की वाघ तिथे येतच नाही, हे उन्हाळ्यात ताडोबाला गेलेला कोणीही सांगेल.

वाघाचा नाद सोडला, तर पेंचमध्ये वेगळे काही पाहता येते. महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये देशातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. गावांतील दिव्यांचा प्रकाश आकाशाकडे जाणार नाही, अशी व्यवस्था करून तिथला काळोख जपला आहे. अर्थात ढगाळ महिन्यांत याचा उपयोग नाही. त्यासाठी हिवाळ्यातली अमावस्येच्या आसपासची रात्र गाठावी.

मर्यादा पाळून पर्यटन चालते का?

चालते आणि त्याचे उदाहरण साताऱ्यापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. कास पठार २०१२ मध्ये पश्चिम घाटातील ३९ स्थळांपैकी एक म्हणून जागतिक वारसा यादीत आले आणि त्यानंतर गर्दी हाताबाहेर गेली. जांभ्या खडकावर जेमतेम काही सेंटिमीटर मातीचा थर, त्यात उगवणारी तेरडा, सोनकी, सीतेची आसवे, गेंद यांसारखी नाजूक रोपे आणि त्यावर हजारो बूट. अखेर दिवसाला ३,००० पर्यटकांची मर्यादा, ऑनलाइन नोंदणी आणि ठरलेल्या पायवाटा अशी पद्धत बसवली गेली. शुल्क गोळा करणे, गाड्या लावून घेणे, वाट दाखवणे ही कामे आसपासच्या गावांच्या वन व्यवस्थापन समित्या करतात. फुले टिकली तरच हंगामात पैसे मिळतात. त्यामुळे रोप उपटणाऱ्याला वनरक्षकाच्या आधी गावकरीच हटकतो.

कासची गोष्ट सरळ रेषेत मात्र गेलेली नाही. फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून पठाराला जाळीचे कुंपण घातले गेले. त्यामुळे माणसे थांबली, पण गुरे आणि वन्यप्राणीही थांबले. चरणे बंद झाल्याने गवत वाढून फुलांना दाबू लागल्याच्या तक्रारी आल्या आणि शेवटी जाळी काढण्यात आली. संरक्षण म्हणजे नुसते कुंपण नव्हे, हे कासने अनुभवातून शिकून घेतले.

हंगाम साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत असतो, मात्र तो पावसावर अवलंबून पुढे-मागे होतो. टोपली कारवी ७ वर्षांतून एकदा फुलते. जुन्या फोटोत दिसणारे निळे-जांभळे पठार दर वर्षी दिसेल, अशी अपेक्षा करू नये.

गर्दी टाळून कुठे जाता येईल?

लोणावळा, माळशेज आणि ताम्हिणी यांच्यापलीकडेही राज्य मोठे आहे. पुणे वन विभागाने इंदापूरजवळील कडबनवाडी आणि बारामती तालुक्यातील शिर्सुफळ येथे गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे. लांडगा, तरस, खोकड, चिंकारा हे माळरानाचे प्राणी तिथे दिसू शकतात. ज्या माळाला सरकारी कागदोपत्री वर्षानुवर्षे पडीक म्हटले गेले, तो पैसे देऊन पाहायला लोक येत आहेत, हीच मोठी गोष्ट. बारामती तालुक्यातच सुपे येथे मयूरेश्वर अभयारण्य आहे. अवघ्या ५ चौरस किलोमीटरचे, चिंकारांसाठी राखलेले. दोन तासांत पाहून होते.

मराठवाडा आणि पश्चिम विदर्भाकडे वळल्यास बुलढाण्यातील लोणारचे विवर आहे. उल्कापाताने बेसाल्टमध्ये तयार झालेले, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे खारे-अल्कधर्मी सरोवर. जून २०२० मध्ये त्याचे पाणी गुलाबी झाल्याने ते जगभर चर्चेत आले आणि त्याच वर्षी रामसर पाणथळ म्हणून जाहीर झाले. छत्रपती संभाजीनगरजवळच्या गौताळा अभयारण्यात पावसाळी जंगलही पाहता येते आणि पितळखोरा लेणीही.

पक्षी पाहायचे असतील तर पावसाळा सरेपर्यंत थांबावे लागेल. नाशिक जिल्ह्यातील नांदूर मध्यमेश्वर, गोदावरी आणि कादवेच्या संगमावरचे, हिवाळ्यात स्थलांतरित पक्ष्यांनी भरते. राज्यातले ते पहिले रामसर स्थळ. ठाणे खाडीत रोहित पाहण्यासाठी ऐरोलीतून वन विभागाच्या बोटी सुटतात. त्यांची वेळ रोज बदलते, कारण ती भरती-ओहोटीवर ठरते.

समुद्राकडे मात्र पावसाळ्यात न वळलेले बरे. मे अखेरपासून ऑगस्टअखेरपर्यंत जंजिरा, सिंधुदुर्ग अशा जलदुर्गांकडे जाणाऱ्या प्रवासी बोटी आणि किनाऱ्यावरचे जलक्रीडा प्रकार बंद असतात. माथेरानला जाणाऱ्यांसाठीही एक सूचना : नेरळहून निघणारी मिनी ट्रेन पावसाळ्यात साधारण ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत थांबते. अमन लॉज ते माथेरान ही फेरी तेवढी सुरू राहते. गाडी दस्तुरी नाक्यावरच सोडावी लागते, पुढे चालायचे किंवा घोड्यावर बसायचे.

निघण्यापूर्वी काय तपासावे?

साप्ताहिक सुट्टी सर्वांत आधी. अजिंठा लेणी सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी. दोन्ही एकाच दौऱ्यात बसवणाऱ्यांची इथे हमखास गल्लत होते. ताडोबा मंगळवारी आणि पुण्यातील कात्रजचे प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असते. त्यानंतर जिल्हा प्रशासनाचे आणि वन विभागाचे त्या आठवड्याचे आदेश पाहावेत. ते त्यांच्या समाजमाध्यम खात्यांवर मिळतात. जुन्या व्हिडिओच्या भरवशावर राहू नये.

हवामान विभागाचा इशारा शहराचा नव्हे, तर ज्या जिल्ह्यात जायचे त्याचा आणि घाटमाथ्याचा पाहावा. पुणे शहरात नुसती रिमझिम असताना घाट भागाला ऑरेंज किंवा रेड अलर्ट असू शकतो. रेड अलर्टच्या दिवशी बंदीचा आदेश नसला, तरी ओढ्याजवळ जाण्यात शहाणपण नाही.

आपत्कालीन मदतीसाठी ११२, तर जंगलातील आग, वन्यप्राणी किंवा वनगुन्ह्याची माहिती देण्यासाठी वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे. सह्याद्रीतील बऱ्याच दऱ्यांत मोबाइलला रेंज नसते. त्यामुळे नकाशा आधीच डाउनलोड करावा, तिकिटाची प्रत कागदावर घ्यावी आणि कोणत्या वाटेने जाणार, किती वाजेपर्यंत परतणार, हे पायथ्याच्या गावात कोणाला तरी सांगून वर चढावे. शोधपथकाला बोलावण्याची वेळ आली, तर त्यांचा पहिला प्रश्न हाच असतो.